मास्तरांच्या बाजाला विटकर

"मागं सरका, हवेला जागा लागती!" असं म्हणत मास्तर ट्रंबोन समोर रोखायचे आणि त्याची लांब नळी सर्रकन पुढे सोडायचे. पुढे उभे असलेले मागच्यांच्या पायांवर पडायचे. मग तो पितळी बाजा असा घुमायचा, की म्हशीला गाण्याची शिकवणी लावल्यासारखं वाटावं. हे तेव्हाचं माझं मत. मत्सरी बाईला कान नसतात.

तरुणपणी मास्तर हैदराबादच्या एका हॉटेलात, साहेब लोक नाचायचे तिथे, एका गोवेकराच्या हाताखाली वाजवत. तिथे ते जाझ शिकले आणि बीदरला येऊन त्यांनी चौदा माणसांचा बँड उभा केला. त्यात एक शिंपी, दोन न्हावी आणि क्लॅरिनेट वाजवणारे आमचे हे. दिवसा हे कापडाच्या दुकानात बसत. वरातीत ओळखीचं गाणं सुरू व्हायचं आणि मास्तर ते मध्येच असं वळवायचे की नवरदेवाच्या घोड्याचीही चाल चुकायची. पार राजेश्वर गावापर्यंतची लग्नं त्यांच्यासाठी तिथी बदलायची.

मी सतरा वर्षांची, नवी नवरी. रूपाचा गर्व केवढा! पण दिवेलागणीला तालमीचा पहिला सूर आला की हे ताट सोडून उठायचे.

"भाकर गार होयलीय," मी म्हणायची.

"मास्तर म्हणतेत, भरल्या पोटी फुंक बसत न्हाई."

"मग मास्तरासंगंच लगीन लावायचं होतं!"

"गप की. त्यांनी ऐकलं तर हासतील."

लोकांचे नवरे बाईच्या नादी लागले तर शेजारणी येऊन डोळे तरी पुसतात. माझ्या सवतीला मिशा होत्या. मी कुणाला सांगणार?

पहिल्या संक्रांतीला आम्ही दोघं माझ्या माहेरी, ठाणाकुशनूरला जाणार होतो. ऐन वेळी हे मास्तरांबरोबर गुलबर्ग्याला वाजवायला गेले. मी एकटी बैलगाडीतून उतरले. "जावयाला ताप आलाय," असं आईला सांगितलं. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता तिळगूळ हातावर ठेवला. तेव्हाच ठरवलं, हा बँड मोडायचा.

लग्नसराईआधी बँडचे सगळे बाजे वाजवणाऱ्यांच्या घरी यायचे आणि आम्ही बायका ते चिंच-राखेने घासायचो. ट्रंबोन मात्र मास्तर स्वतः पुसायचे, मऊ फडक्याने. त्याची आतली नळी गुळगुळीत राहिली तरच वरची सरकते. त्या वर्षी मास्तर तापाने पडले आणि ट्रंबोनही आमच्या अंगणात आला. "आतल्या नळीला हात लावू नको," ह्यांनी तीनदा बजावलं. मी ती नळी ओढून काढली आणि विटेच्या भुकटीने घासली. तव्याची काजळी काढावी तशी, मनापासून.

सराईतलं पहिलं लग्न जनवाड्याला, माझ्या मावसबहिणीचंच होतं, म्हणून मीही हजर. मास्तर तापातून उठून थेट तिथेच आले. "मागं सरका," म्हणत मास्तरांनी नळी सोडली. ती अर्ध्यावर अडकली. त्यांनी ओढली, ढकलली. वऱ्हाड हसायला लागलं. त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेऊन ओरखडे पाहिले. मग बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

ट्रंबोन खाली ठेवून ह्यांना म्हणाले, "अण्णा, पुढं ये. आज तू ने बँड."

ह्यांनी असं वाजवलं की नवरीकडचे म्हातारेही फेटे सावरत उभे राहिले. मी टाळ्याही वाजवल्या आणि मनात मास्तरांना शिव्याही दिल्या, दोन्ही एकदमच.

जेवणं झाल्यावर मास्तर पाण्याच्या रांजणापाशी भेटले. "अक्का, हात लई साफ हाय तुमचा."

"कामून ओ मास्तर?" मी गरीब गाय.

"ह्याला पुढं उभा करावं म्हणायलतो दोन वर्षांपासून. ह्योच भ्यायचा. तुम्ही काम सोपं केलंत."

झालं! बँड मोडायला निघालेल्या बाईने नवऱ्याला बँडच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. हे आधी तालमीला जायचे, आता तालीम घ्यायला लागले. नळी हैदराबादहून दुरुस्त होऊन आली. मास्तरांनी ह्यांना कधी काही सांगितलं नाही. त्याचाही मला राग. चोराला निदान शिव्या तरी द्याव्यात माणसाने!

मग हैदराबाद संस्थान पडलं, ते धामधुमीचं वर्ष आलं. रस्त्यांवर भीती, वराती बंद. मास्तरांनी मुंबई धरायचं ठरवलं. ते निरोप घ्यायला आले तेव्हा ह्यांनी आपलंही गाठोडं बांधून ठेवलं होतं. मी चुलीपुढे हातात उलथनं घेऊन उभी.

"तू न्हाई," मास्तर म्हणाले.

"कामून, मास्तर?"

"माझं कुणी न्हाई, म्हणून मी जायलाव. तुझं हाय." मग आत पाहून म्हणाले, "घ्या अक्का, तुमचा तुम्हाला."

ते लॉरीत बसून गेले, ते गेलेच. पुढे कधी त्यांची खबर आली नाही.

मला हवं ते मिळालं. हे दिवेलागणीला घरात असायचे, गरम भाकर खायचे, "चांगली झालीय" म्हणायचे. मग ओट्यावर एकटेच क्लॅरिनेट वाजवत बसायचे. मास्तर ट्रंबोनवर जिथे उत्तर द्यायचे तिथे थांबायचे, डोळे मिटून चार मात्रा सोडायचे, मग पुढे जायचे. रोज. त्या चार मात्रा मला भाकरी थापू द्यायच्या नाहीत.

एका संध्याकाळी हे असेच थांबले आणि पिठाच्या हातांनी, परातीपुढे बसल्या बसल्या, माझ्याच तोंडातून निघालं, "भोंऽऽ".

ह्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता रागावतील.

"जरा खालून घे," हे म्हणाले. "मास्तर खालून घ्यायचे."

मी खालून घेतलं.