शिलेदारकाकांची पिशवी

महागाईपुढे न हरलेला एकच माणूस मी अख्ख्या म्हैसूर संस्थानात पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे शिलेदारकाका. घोडदळ सोडून पंधरा वर्षं झाली, तरी त्यांच्या मिशा हजेरीला उभ्या असायच्या. पेन्शन हाती आली की ते मंडी मोहल्ल्यात जात, तांदळाच्या दुकानात तीन रुपये टाकत आणि पिशवी पुढे करून गरजत, "भर!" भाव विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. "भाव वाण्यानं सांगावा, बाईनं विचारावा. शिलेदारानं पिशवी भरून आणावी, सरी? बरोबर ना?" आणि ती खरोखरच दर महिन्याला तोंडापर्यंत भरून येई. पूर्वी ती आणायला घोड्याचा जटका लागायचा. तिकडे विलायतेत लढाई पेटली तशी ती खांद्यावरून येऊ लागली, पुढे चक्क काखेतून. काका दंड थोपटून म्हणत, "बघ रे, वय वाढतंय तशी ताकद वाढतेय!" सगळी गल्ली हसायची. सर्वांत मोठ्यानं मी.

मला कारण ठाऊक होतं. मी मंडीत कारकून. पेन्शनच्या आदल्या दिवशी काकू मला तांदळाचा भाव विचारत आणि पिशवीला आतून आणखी एक शिवण घालत. त्यांचे डोळे अधू, म्हणून सुईत दोरा मी ओवून द्यायचा. "त्यांना सांगू नको हं. अर्धी पिशवी घेऊन चारचौघांतून यायचं म्हणजे त्यांचा जीव जाईल." काकूंचे उपासही वाढत गेले. एकादशी होतीच, मग सोमवार आला, शनिवार आला, गुरुवारही आला. "आमची ही आता जोगीण झाली बघ," काका कौतुकानं सांगत. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. गंमत मोडेल म्हणून उघडलं नाही, याची लाज अजून जात नाही.

काकू तापानं चार दिवसांत गेल्या. पुढच्या पेन्शनला काका मंडीतून थेट माझ्या दारात आले. पिशवी भरली नव्हती.

"अय्यो, भाव आजच चढला काय रे?"

"आजच, काका."

"एका दिवसात एवढा? छे, पिशवीलाच भोक असेल." त्यांनी तांदूळ माझ्या सुपात ओतले, भोक शोधायला पिशवी उलटी केली आणि तसेच थांबले. आत शिवणीला लागून शिवण, सगळ्या एकाच हाताच्या. बराच वेळ ते त्यांवरून बोट फिरवत राहिले.

"मग ती काय जेवत होती रे?"

सुईत दोरा ओवून देणारा मी. म्हणालो, "पोटभर, काका."