ओठ दिसायला हवेत

काकांना जाऊन दीड महिना होत आला. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी मला त्यांच्याबद्दल लिहायला सांगितलं, कारण मी साहित्य शिकलोय. मी त्यांच्या मंडळीतला नाही. त्यांच्या वॉर्डातला आहे.

तो टीबीचा वॉर्ड होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा. पदवीचा निकाल लागला त्याच महिन्यात मी तिथे दाखल झालो. चौदा खाटा. उघड्या खिडक्या. प्रत्येक खाटेखाली झाकणाचा डबा, थुंकण्यासाठी. ते डबे काका रोज सकाळी उचलायचे आणि धुऊन परत ठेवायचे.

हुद्दा वॉर्डबॉय. वय चोपन्न. "पेन्शनला आलो, तरी अजून बॉयच," असं स्वतःच म्हणायचे. अंगाने बारीक, मधुमेह जुना, चालताना डावा पाय किंचित ओढायचे. मधुमेहाच्या माणसाने या वॉर्डात काम करू नये, असा नियम होता. बदली घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं. त्यांनी घेतली नाही.

पहिल्या आठवड्यात मला गोळ्या जात नव्हत्या. दिवसाला तेरा गोळ्या. घशाशी यायच्या. काका पाण्याचा पेला धरून उभे राहिले.

"एवढी जाडजाड पुस्तकं पचवलीस ना, मास्तर? मग ही एवढीशी गोळी अडते?"

"पुस्तकं चावता येतात, काका."

"मग चाव. कडू लागेल. शिव्या दे, मी ऐकून घेतो."

मास्तर हे नाव मला तिथेच पडलं.

काका ख्रिस्ती होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी ते काम करताना मंडळीतली गीतं गुणगुणायचे. एखाद्या पेशंटने म्हटलं तर त्याच्याजवळ बसून प्रार्थना करायचे. मग कुणाच्या तरी पुतण्याने तक्रार केली, की हा माणूस आजाऱ्यांना बाटवतो. मोठ्या सिस्टरनी बोलावून सांगितलं, ड्युटीवर देवाचं नाव काढायचं नाही. काका "बरं" म्हणाले. त्यानंतर गुणगुणणंसुद्धा बंद. हे मी येण्याच्या आधीचं.

मी एकदा चिडवलं. "काका, तुम्ही धर्मप्रसार करता म्हणे."

ते मोरीपाशी उकिडवे बसून डबा घासत होते. "करतोय ना. दिसत नाही?"

आणि पुढचा डबा घेतला.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक टेलर होता. चाळिशीचा, एकटा, बोलका. पँट कुणाची कशी बिघडली आहे ते झोपल्या झोपल्या सांगायचा. डॉक्टरांच्या पाठीवरची शिवण उसवली होती, तीही त्यालाच दिसली. अक्षरओळख नव्हती. आकडे तेवढे लिहायचा, मापांसाठी.

आम्हाला रोज एक इंजेक्शन असायचं. त्याने कान जाऊ शकतात, हे आम्हाला सांगितलेलं होतं. माझ्या कानात शिट्टी वाजू लागली आणि थांबली. टेलरच्या कानात वाजू लागली आणि मग काहीच वाजेना. चौथ्या महिन्यात त्याचे दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं. कान परत आले नाहीत.

त्या दिवसापासून त्याने गोळ्याही बंद केल्या. तोंड मिटून घ्यायचा. "कान घेतलेत. आता काय पाहिजे?" असं ओरडायचा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं. त्याला कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत हलवलं. त्याच्या थुंकीत अजून जंतू होते, आणि औषध न घेणारा पेशंट सगळ्यांनाच धोक्याचा.

लिहून दाखवावं तर वाचता येत नाही. खुणांनी किती सांगणार?

एक दिवस काका माझ्या खाटेवर टेकले. असं ते कधी टेकत नसत. "मास्तर, काहीतरी सुचव. हा मरेल."

मी गेले चार दिवस टेलरकडे बघत होतो. त्यामुळे मला सुचलं.

"तो तोंडाकडे बघतो, काका. माणूस बोलायला लागला की त्याची नजर मास्कवर जाते. ओठ दिसायला हवेत त्याला."

"असं?"

"सावकाश बोललं तर कळेल."

काकांनी मग माझ्याकडे बघितलं. का ते तेव्हा समजलं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझी थुंकी त्याच आठवड्यात पहिल्यांदा निगेटिव्ह आली होती. मी टेलरचा शेजारी होतो, दोस्त होतो, मला तोच आजार होता. ओठ दाखवायचेच तर ते मी दाखवावेत, हे सरळ होतं. मी नजर खाली घातली. माझा मास्क नाकावर वर ओढला.

काका उठले. "बरं," म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, काचेबाहेरून बोला. काका दोन दिवस काचेबाहेरून बोलले. टेलर पहिल्या दिवशी बघत राहिला. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपला. "मी काय दुकानातलं सामान आहे?" असं ओरडला.

तिसऱ्या दिवशी काका आत गेले आणि मास्क हनुवटीखाली घेतला. सिस्टर तेव्हा इंजेक्शनं भरत होत्या. काचेतून मला सगळं दिसत होतं. काका खाटेच्या कडेला बसले होते. ओठ मोठे करून एकेक शब्द सांगत होते. टेलर पुढे वाकला. इतका पुढे, की दोघांच्या तोंडांत हातभर अंतर उरलं. त्याला खोकला आला. काका मागे सरले नाहीत. मग टेलरने हात पुढे केला आणि काकांनी त्यावर गोळ्या ठेवल्या.

असं सव्वा महिना चाललं. सिस्टरना कळलं तेव्हा त्या कडाडल्या. काका ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. टेलर ओठ वाचायला शिकला. त्याची थुंकी निगेटिव्ह आली. आत काय बोलायचे ते मी एकदा विचारलं.

"शर्टाच्या कॉलरबद्दल. माझी कॉलर कशी चुकीची शिवलीय ते तो सांगतो."

"आणि येशूबद्दल?"

"त्याने विचारलं एकदा, का येता म्हणून. तेव्हा सांगितलं. ड्युटी संपल्यावर. सात मिनिटं." हसले. "नियम मोडला नाही."

माझा डिस्चार्ज ठरला त्या आठवड्यात काका खोकू लागले.

पुढचं थोडक्यात लिहितो. त्यांना त्याच वॉर्डात ठेवलं. मधुमेहामुळे औषध लागू पडलं नाही. मी बाहेरून जेवणाचा डबा घेऊन जायचो. टेलर घरी गेला होता, महिन्याच्या गोळ्या न्यायला यायचा, तेव्हा काकांच्या खाटेपाशी बसायचा. काकांना धाप लागायची, ओठ नीट हलायचे नाहीत. टेलर अंदाजाने उत्तरं द्यायचा. नऊ महिन्यांनी काका गेले. मंगळवारी सकाळी, नाश्ता वाटत असताना. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने आपला पेला खाली ठेवला, एवढंच मला आठवतं.

अकरा दिवसांनी मी टेलरच्या दुकानात गेलो. पाटी उलटी टांगलेली. मशिनवर गोळ्यांची पाकिटं, अकरा दिवसांची, न फोडलेली. अजून चार महिन्यांचं औषध बाकी होतं. मध्येच सोडलं तर आजार परत येतो आणि मग कुठलंच औषध उरत नाही. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी मास्क न लावता समोर बसलो. आता लावायची गरजच नव्हती. "घ्या गोळ्या," म्हणालो.

"माझ्यामुळे गेले ते."

"घ्या."

त्याने डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्याच्याशी कुणालाच बोलता येत नाही. मी तासभर बसलो. मग उठलो.

काकूंकडे जायचं मी टाळत होतो. आता पर्याय नव्हता. टेलर दुसऱ्या कुणाचंही ऐकणार नाही, असं मला वाटलं. पण त्यांना जा म्हणायचं, तर आधी खरं सांगायला हवं होतं.

काकू काकांचे कपडे उकळत होत्या. दान द्यायला. मी दारातच सगळं सांगितलं. ओठांचं मी सुचवलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मास्क वर ओढला.

काकूंनी गॅस बंद केला.

"का ओढलास?"

"भीती वाटली."

"ह्यांनाही वाटायची."

मी बघत राहिलो.

"तुला काय वाटलं? देव मानणाऱ्याला भीती नसते? घरी आले की मोरीत जाऊन अर्धा अर्धा तास तोंड धुवायचे. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. सव्वा महिना बाहेरच्या खोलीत एकटे झोपले. मी म्हटलं, अहो, काचेतून बोला की. तर म्हणाले, प्रभू आपल्याशी काचेतून बोलला नाही, आपल्यात येऊन राहिला." काकूंनी चिमट्याने शर्ट वर काढला आणि परत पाण्यात सोडला. "अशा उत्तरावर बायकोने काय बोलायचं? सांग ना. तू शिकलेला आहेस."

मी दारातून आत आलो.

"तुझा राग येतो मला," काकू म्हणाल्या. "त्या टेलरचाही येतो. ह्यांचा तर सगळ्यात जास्त."

मग मी गोळ्यांचं सांगितलं. अकरा दिवस. काकू स्टुलावर बसल्या. बराच वेळ हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी.

"म्हणजे तो मरणार."

"हो."

"आणि हे गेले ते फुकट."

मी मान हलवली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी ह्यांच्यासारखी नाही," त्या म्हणाल्या. "मला त्याच्याबद्दल माया नाही. मी गोड बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या टेलरच्या दुकानासमोर उभ्या होत्या. मी मागे. आधी त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं होतं, मध्ये खंड पडला तर काय करायचं ते विचारायला. डॉक्टर म्हणाले होते, उद्यापासूनच सुरू करा, आणि थुंकी पुन्हा तपासायची. काकूंनी दारावर थाप मारली नाही, कारण उपयोग नव्हता. फळी सरकवून आत हात घातला आणि दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद केलं. आत झोपलेला टेलर उठून आला. काकूंना बघून मागे सरला.

काकूंनी पाकीट फोडलं. गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. पाणी दिलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. काकूंनी ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने एकेक करून गोळ्या घेतल्या. काकूंनी हनुवटी वर करून खूण केली, आ कर. जिभेखाली बघितलं. निघाल्या.

असं रोज. पाऊण महिना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनतीनदा म्हटलं, काकू, मी जातो आता, तुम्ही थकता. "तुझ्यासमोर तो डोळे मिटतो," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर मिटायची हिंमत नाही त्याची."

थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी तो काकूंना दाखवला. त्यांनी घडी घालून परत दिला.

गेल्या शनिवारी टेलरनेच विषय काढला. गोळ्या गिळून झाल्या होत्या. त्याने विचारलं, नेहमीसारखं मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघितलं इतकं मोठ्याने:

"तुम्ही बोलत का नाही?"

काकू थांबल्या. त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, उजेडाच्या बाजूला तोंड करून.

"माझं बोलणं तुला सोसणार नाही."

त्याला ते दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. तो म्हणाला, "बोला."

काकूंचा चेहरा हलला. मला वाटलं, आता सगळं बाहेर पडणार. पडायला हवं होतं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. टेलर ओठांकडे बघत उभा होता.

"उद्या रविवार," काकू म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द. "उपासनेच्या आधी येईन. सहाला. दार उघडं ठेव."