अबोलीची वेणी आणि तन्वीचे केस

तबकात अबोलीची भरगच्च वेणी होती आणि माझ्या हातात तन्वीचे खांद्यापर्यंतचे केस. बाहेर हॉलमध्ये सनई सुरू झाली होती. मी तिच्या आईला विचारलं, "काकू, वेणी कुठंय?"

त्यांनी तबकाकडे बोट केलं. "ही काय. आत्ताच मुलाच्या आत्यांनी पाठवली."

मी फुलं उचलून खाली बघितलं. तबकात दुसरं काही नव्हतं.

मी दादरच्या एका पार्लरमध्ये नवरीचे केस करते. तन्वी आमची करी रोडची क्लायंट. काही महिन्यांपूर्वी तिला टायफॉइड झाला आणि केस मुठी-मुठीने गळले. उरलेले कापावे लागले. साखरपुड्याला आम्ही गंगावन लावून वेळ निभावली होती. गंगावन म्हणजे सुट्या केसांचा जुडगा. तो आपल्या केसांत मिसळला की वेणी लांब आणि जाड दिसते. लग्नालाही तेच लावायचं असं ट्रायलला ठरलं होतं. पण आदल्या दिवशी काकूंचा फोन आला, की वेणी नवऱ्याकडची मंडळी आणणार आहेत, तू आणू नकोस.

मी गिरगावातली, पण कॉन्व्हेंटची. शाळेत केसांच्या वेणीला प्लेट म्हणायचे आणि घरी फुलांना सरसकट गजरा. वेणी हा शब्द मी पार्लरमध्ये वापरायला लागले, आणि तिथे त्याचा अर्थ एकच, केसांची वेणी. मला वाटलं, सासरच्यांना सगळं कळलंय आणि गंगावन तेच आणतायत. मी आमचं बॅगेतून काढून पार्लरच्या कपाटात ठेवलं.

सासरी काहीच माहीत नव्हतं. फक्त नवऱ्या मुलाला माहीत होतं आणि त्यानेच गप्प राहायला सांगितलं होतं. त्याच्या आत्यांनी आधी एक स्थळ 'मुलगी नाजूक वाटते' म्हणून परत पाठवलं होतं. घरात त्यांचा शब्द चालायचा.

"आज कळलं ना, तर जन्मभर मी आजारी सून," तन्वी आरशात बघून म्हणाली. रडली नाही. मेकअप झाला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन पार्लरच्या मॅडमना फोन लावला.

"पार्लरची चावी माझ्याकडे आहे, मी शीवला," त्या म्हणाल्या. "आत्ता निघाले तरी पोचणार नाही. मार्केटमध्ये बघ."

"इतक्या सकाळी फुलवाले सोडून सगळं बंद आहे."

"मग अंबाडा घाल, फुलांनी झाक."

"नऊवारीवर लांब वेणीच हवीय त्यांना. आत्या स्वतः फुलं माळणार आहेत."

मॅडम म्हणाल्या, "बघ बाई, तू तिथे आहेस."

बाहेर आले तर काकू दाराला कडी लावत होत्या. त्यांनी डोक्यामागे हात नेला, अंबाड्यातल्या पिना काढल्या आणि आतून एक जुडगा ओढून माझ्या हातात दिला. त्यांचं स्वतःचं गंगावन. मागे सुपारीएवढी गाठ उरली. तन्वी म्हणाली, "आई, अगं तुझं..." काकूंनी तिला पुढे बोलू दिलं नाही.

गंगावन जुनं होतं. उन्हाने लालसर झालेलं, टोकं झाडूसारखी. तसंच गुंफलं असतं तर वेणीतून काटे निघाल्यासारखे केस उभे राहिले असते. असे केस वरून खाली विंचरले की जास्त तुटतात. आधी टोकं मोकळी करायची, मग हळूहळू वर यायचं. मी हात ओले करून ते दाबून घेतलं आणि तळहातावर सीरमचा एकच थेंब पसरून फक्त लांबीवर फिरवला. सीरम जास्त झालं की केस तेलकट दिसतात आणि पिनाही घसरतात.

तन्वीच्या मानेवर तिच्याच केसांची एक बारीक वेणी घट्ट घातली. ती बाहेरून दिसत नाही, तो पाया असतो. त्यात गंगावनाचा फास अडकवून पिना लावल्या. वरून तिचे स्वतःचे केस ओढून घेतले, म्हणजे जोडापाशी बाहेर काळे आणि आत लाल. मग तीन पेड.

पहिल्यांदा वेणी डावीकडे वळली. हात घाबरले की एक पेड जास्त ताणला जातो. तिन्ही पेडांना ओढ सारखी नसेल, तर कितीही स्प्रे मारा, वेणी पिळलेलीच दिसते. दारावर थाप पडली. भटजी नवरीला बोलावतायत. मी सगळी वेणी सोडली.

"सोडलीस?" तन्वी म्हणाली.

"हो. मान सरळ ठेव."

दुसऱ्यांदा हात डोक्याजवळ ठेवून सावकाश गुंफलं. प्रत्येक वळणाला तिच्या केसांची आखूड टोकं बोटाने आत दाबत गेले. शेवटी जुन्या टूथब्रशवर स्प्रे मारून तो उभ्या राहिलेल्या केसांवर हलका फिरवला. थेट केसांवर मारला की पांढरं पडतं. वेणी सपाट, कमरेपर्यंत आली; खाली किंचित लालसर, पण लांबून कळत नव्हतं. पुन्हा थाप पडली. या वेळी आत्या स्वतः होत्या.

त्या लालबागच्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तबक उचललं. फुलं मी लावते, असं मी म्हणून बघितलं. एरवी मी क्लायंटच्या नातेवाइकांशी बोलतच नाही.

"आमच्यात नवरीची वेणी घरच्या बाईनंच माळायची असते," त्या म्हणाल्या.

त्यांनी फुलं मानेपाशी धरली आणि बोटं वेणीवरून आत सरकवली. गंगावनाच्या जोडावर येऊन ती थांबली. तन्वीने डोळे मिटले. मी पिनांची डबी खाली ठेवली.

आत्यांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर डोक्यावर घेतला होता, पण रेशमी पदर घसरला होता आणि ती सुपारीएवढी गाठ दिसत होती. आत्या बराच वेळ तिकडेच बघत होत्या. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात मालवणीत म्हणाल्या, "हय अजून दोन पिना लाव गो बाय. हार घालताना मान वाकवतली, तेव्हा ओढ बसतली."

मी पिना लावल्या. अबोली त्यांनी बरोबर जोडावरच गुंडाळली. मग माझी कात्री मागितली, उरलेली फुलांची वेणी कापली आणि हाक मारली, "विहीणबाई, इकडे या."

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"या हो. विहीण फुलांशिवाय मांडवात आली, तर लोक नावं आम्हाला ठेवतील." आणि त्यांनी ती फुलं काकूंच्या गाठीभोवती अशी फिरवली, की गाठ दिसेनाशी झाली.

लग्न वेळेवर लागलं. हार घालताना तन्वीची मान वाकली. मी खांबाआड उभी राहून फक्त तिच्या मानेकडे बघत होते. जोड हलला नाही.

पार्लरला परतल्यावर मॅडमनी विचारलं, "कुणाला कळलं?"

"आत्यांना."

"मग?"

"दोन पिना जास्त लावायला सांगितल्या."

हल्ली ट्रायललाच मी विचारते, वेणी केसांची की फुलांची. बायका हसतात, मी लिहून घेते. वेणी गुळगुळीत कशी दिसेल हे आमच्या कोर्समध्ये शिकवतात. पण फुलं माळणारी बाई बोटांनी बघते, आणि तिच्यापुढे स्प्रेचा काही उपयोग नसतो.