चाकात डोकावणारे नाना

नाना सकपाळ कुणालाही भेटले की आधी त्याच्या गाडीच्या चाकाकडे बघायचे. म्हणजे नुसती नजर टाकायचे असं नाही. पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढून उकिडवे बसायचे, मान तिरकी करून चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकवायचे, आणि मगच वर बघून विचारायचे, "काय भाऊ, बरा हाय ना?" तुमची तब्येत, तुमची बायकामुलं, हे सगळं चाकानंतर. माझ्या सासऱ्यांची आणि नानांची पहिली ओळख झाली तेव्हा सासरे बिचारे नमस्कारासाठी हात जोडून रस्त्यात उभे आणि नाना त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी. "माणूस पडला की काय?" असं सासऱ्यांनी मला घाबरून विचारलं होतं.

पोलादपुरात हायवेला लागून नानांचं टायरचं दुकान, मागेच त्यांचं घर, आणि दुकानाला खेटून माझं औषधांचं. त्यामुळे नानांचं हे वेड मी रोज फुकट पाहिलेलं आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाक एका बाजूने जड झालं की वेगात गाडी थरथरते. म्हणून चाक मशीनवर फिरवतात आणि हलक्या बाजूला आतून छोटी छोटी चपटी वजनं चिकटवतात. मशीनने शून्य दाखवलं की काम संपलं. जगात सगळीकडे ते तिथेच संपतं. नानांच्या दुकानात शून्य आल्यावरही वजनं वाकडी वाटली तर सगळी उपटून, जुना गोंद थिनरने पुसून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वजनं एका ओळीत हवीत, टोकाला टोक लागलेलं हवं, आणि रिम काळी असेल तर वजनंही काळीच हवीत. बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवून थकलेलं असायचं.

"अहो नाना, ती चाकाच्या आत असतात. कोण बघणार? काय फरक पडतो?" असं कुणी म्हणालं की नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "फरक कायच नाय पडत. पडत नाय म्हनून तर नीट लावायची."

यातलं मला एक अक्षर कधी पटलं नाही, पण बोलायची सोय नव्हती. वजनं चुकीची लावलेली गाडी त्यांना दुखावलेल्या माणसासारखी दिसायची. शनिवारी-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या महागड्या गाड्यांचे ताफे आमच्यासमोरून आंबेनळी घाटाकडे वळतात. त्या जमिनीला चिकटून चालणाऱ्या, गुरगुरणाऱ्या गाड्या चहाला थांबल्या की सगळा बाजार फोटो काढायला गोळा व्हायचा. नाना मात्र गुडघे टेकून आत डोकावून परत यायचे आणि पडेल आवाजात सांगायचे, "भाऊ, एवढी नवीकोरी गाडी, आन् आत बघा तर भिंतीवर शेणी थापल्यात. सरळ एक नाय."

हे सगळं गमतीचं होतं, सोनलच्या लग्नापर्यंत.

सोनल नानांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की दुकानातच असायची. गृहपाठ टायरवर बसून करायची आणि मधूनच बापाला पाना-पक्कड काढून द्यायची. पुढे शिकली, महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लागली, आणि तिथल्याच प्रसाद नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा सोन्यासारखा. त्याला वडील नव्हते. मुंबईच्या विलासकाकांनी त्याला वाढवलेलं. तेव्हा व्याही म्हणून मान विलासकाकांचा.

लग्न पोलादपूरच्या कार्यालयात होतं. विलासकाकांनी नुकतीच एक पिवळी धमक गाडी घेतली होती, दोघांनाच बसता येईल अशी, आणि पुतण्याला तिच्यातूनच मांडवात आणायचं असा त्यांचा हट्ट होता. बाजारातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं तेव्हा सगळ्या रस्त्याने "आई गं" केलं. फेटा छताला लागत होता म्हणून नवरदेवाने तो मांडीवर धरला होता. अशी ती स्वारी दारात आली. सनई वाजली. विलासकाका क्रीम रंगाच्या नव्या कोऱ्या जोधपुरीत उतरले आणि व्याहीभेटीसाठी दोन्ही हात पसरून उभे राहिले.

नाना नारळ आणि शाल घेऊन पुढे झाले. मी त्यांच्या मागेच होतो. मला त्यांची मान तिरकी होताना दिसली.

नानांनी नारळ आणि शाल माझ्या हातात दिली आणि ते खाली बसले. विलासकाकांना वाटलं, मुलीचा बाप पाया पडतोय. "अहो, असं करू नका, असं करू नका," म्हणत ते गडबडीने उचलायला वाकले, तर नाना त्यांच्या पायाशी नव्हतेच. ते चाकापाशी होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत गेले होते.

"ही वजनं कोनी लावली?" नानांनी विचारलं. "काळ्या रिमला पांढरी! आन् एकावर एक! जुना गोंदपन पुसला नाय."

सनई थांबली. विलासकाकांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला या गाडीची किंमत माहीत आहे का?"

"तेच म्हनतोय मी," नाना म्हणाले.

मी कानाशी लागून म्हटलं, "नाना, गाडी छान आहे म्हणा." नानांनी ऐकलं, पण खोटं त्यांच्या तोंडात बसेना. "गाडी लय छान हाय," ते म्हणाले, आणि मला हायसं वाटतंय तोवर, "तिचा बिचारीचा काय दोष?"

विलासकाका वळले. "प्रसाद, बस गाडीत. जिथे दारातच अपमान, तिथे लग्न नाही." प्रसाद एक पाय गाडीत आणि एक पाय बाहेर असा उभा राहिला. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. नाना अजून चाकापाशीच बसलेले होते, पण आता चाकाकडे बघत नव्हते. काय होऊन बसलंय ते त्यांना तेव्हा कळलं. एवढा घाबरलेला माणूस मी माझ्या काउंटरवरसुद्धा पाहिलेला नाही.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत सोनलच बाहेर आली. "बाबा, लग्न माझं हाय का चाकाचं?"

"तुझं गो, सोने," नाना कसेबसे म्हणाले.

मग ती विलासकाकांकडे वळली. "काका, त्यांनी तुमचा अपमान नाही केला. ते पोलिसांच्या जीपशीसुद्धा असंच वागतात." मुलाकडच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रसादने गाडीतला पाय बाहेर घेतला. तेवढ्यात नानांनी उठून विलासकाकांना कडकडून मिठी मारली. नाना रडत होते. "पोरीचं मोडू नका हो," म्हणत त्यांनी व्याह्यांची पाठ दोन्ही हातांनी थोपटली.

लग्न लागलं. पंगतीत विलासकाकूंनी नवऱ्याच्या पाठीकडे बघून किंकाळी फोडली. क्रीम जोधपुरीवर दहाच्या दहा काळीकुट्ट बोटं उमटली होती. अल्बममधल्या निम्म्या फोटोंत ती अजून आहेत.

त्यानंतर विलासकाकांनी नानांशी बोलणं टाकलं. सोनलच्या घरी ते असले की नाना महाडला जायचे नाहीत. लेक एवढी जवळ असून सणवार दुकानात काढू लागले. "माझीच जीभ," म्हणायचे, पण समोर गाडी थांबली की पुन्हा उकिडवे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

मग एका दुपारी ती पिवळी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. विलासकाका एकटेच होते. तासभर तरी आत बसून राहिले असतील. शेवटी उतरले आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाले, "सकपाळ, तुम्ही माझी गाडी नासवलीत. मी गाडी पुसायला गेलो की तेच दिसतं. शोरूमवाला म्हणतो, मशीन शून्य दाखवतंय, काय फरक पडतो. झोप नाही हो मला!"

नानांनी त्यांना बसायला टायर दिला. गाडी इतकी खाली की जॅक शिरेना, म्हणून आधी चाकांखाली फळ्या सरकवून ती उंच करावी लागली. नानांनी एकेक चाक काढून लेकराला न्हाऊ घालावं तसं पुसलं, नवी काळी वजनं ओळीत लावली आणि मशीनवर फिरवलं. शून्य.

"आणि आधी किती होतं?" विलासकाकांनी विचारलं.

"शून्यच."

"म्हणजे आधीही बरोबरच होतं?"

"बरोबरच होता. आता नीट हाय."

विलासकाका गाडी घेऊन आंबेनळीत गेले आणि अर्ध्या घाटातून फोन केला. नानांनी फोन कानापासून लांब धरला होता, तरी मला माझ्या काउंटरवर ऐकू आलं. "नाना, काहीच फरक नाही हो! काहीच नाही!" माणूस आनंदाने ओरडत होता.

"मंग!" नाना म्हणाले.

पुढे दोघांचं इतकं जमलं की सोनल वैतागली. सणाला दोघं जेवणाच्या पानावरून उठून पाहुण्यांच्या गाड्या बघायला जायचे.

परवाच्या थंडीत नाना गेले. छातीत कळ आली, महाडच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच संपलं. अँब्युलन्सने त्यांना घरी आणलं. मुंबईची माणसं यायची होती, म्हणून सगळे अंगणात थांबलो होतो. कळ आल्याचं कळताच निघालेले विलासकाका अँब्युलन्सच्या मागोमागच पोचले, नानांच्या पाया पडले, आणि बाहेर येऊन त्या अँब्युलन्सच्या चाकाशी गुडघे टेकून बसले. पांढरी पँट मातीने भरली. सोनल त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"सरळ आहेत गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अगदी ओळीत."

"काका, मी मघाशीच बघितलीत."

विलासकाकांना हसू फुटलं आणि हसता हसता ते ओक्साबोक्शी रडायला लागले. सोनलही रडत होती. मग तिने पदर खोचला, दुकानाचं शटर वर केलं आणि बापाची पक्कड आणि हातोडी घेऊन आली. लोखंडी रिमला वजनं चिकटवत नाहीत, कडेला ठोकतात; ही ठोकलेली होती, गंजलेली, वाटेल तशी. काका एकेक उपटून तिच्या हातात देत होते आणि ती जागच्या जागी सरळ ठोकत होती.

ड्रायव्हर बिचारा किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याला रिकामी गाडी घेऊन महाडला परत जायचं होतं. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "ताई, आता यानं काय फरक पडनार हाय?"

सोनलने हातोडी थांबवली नाही.

"कायच नाय," ती म्हणाली.