इतिहासातून गाळलेला सामना

आमच्या शाळेच्या माजी खेळाडू संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याचं कारण माझं लिखाण वगैरे काही नाही. मी गेल्या वर्षी कंपनीतून रिटायर झालो आणि बाकीच्यांच्या मते मला आता काही उद्योग उरलेला नाही. संघाची स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलंय." मजकूर टाइप करून द्यायचा होता, तरी अक्षराचं कौतुक! मी हो म्हणालो. समोरचा काही देऊ लागला की मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना दोष आहे आणि तो एका माणसाला फार महागात पडला.

संघाचा इतिहास तसा सोपा आहे. थेरगावच्या आमच्या शाळेत कबड्डीचं वेड होतं. दहावी पास झालेली पोरंही मैदान सोडेनात आणि नापास झालेली तर मुळीच सोडेनात. शेवटी खेळाच्या सरांनी वैतागून सांगितलं, "खेळा, पण मैदान तुम्ही राखायचं." मग दर रविवारी सकाळी आम्ही माती चाळायचो, पाणी मारायचो, रोलर ओढायचो आणि मग खेळायचो. निम्मे आम्ही गावातले, ज्यांच्या जमिनी वसाहतींखाली गेल्या ते. निम्मे भाड्याच्या खोल्यांतले. कुणी बीडकडचा, कुणी कोकणातला. घामानं माती अंगाला चिकटली की सगळे एकाच रंगाचे दिसायचो.

हे सगळं मी स्मरणिकेसाठी हौसेनं लिहिलं. कुठल्या स्पर्धेत कुणाची ढोपरं फुटली, कुणाच्या लग्नात अख्खा संघ वाढपी झाला, सरांनी उपाशीपोटी खेळणाऱ्यांसाठी गूळ-शेंगदाण्याचा डबा कसा ठेवला होता, तेही लिहिलं. मग 'नंबर' या विषयाशी आलो आणि हात थांबला.

तेव्हा मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे कबड्डी संघ असायचे. चांगला खेळाडू दिसला की त्याला कामावर घ्यायचे, आणि परमनंट. आमच्या सरांकडे वर्षातून एखादवेळी निरोप यायचा. कंपनीचे साहेब रविवारी मैदानावर यायचे, आमच्या आमच्यातच दोन संघ पाडून सामना बघायचे आणि जाताना एकाचं नाव लिहून न्यायचे. पहिल्या दोन वेळेस आम्ही जीव तोडून खेळलो आणि आपसात भांडणं झाली. तिसऱ्या वेळेपासून आम्ही शहाणे झालो. ज्याच्या घरी सगळ्यात जास्त नड, त्याचा नंबर. साहेब आले की बाकीच्या तेरा जणांनी त्या एकाला चमकवायचं.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. पकड ढिली सोडायची, पण ती सुटल्यासारखी दिसली पाहिजे. चढाई करणाऱ्यानं गडी टिपायच्या जागी अर्धी वीत कमी हात टाकायचा. आम्ही याचा चक्क सराव करायचो, सर घरी गेल्यावर. आणि एक कडक नियम होता. ही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही. एकाच्या आईनं नळावर सांगितलं असतं तरी कंपनीपर्यंत पोचलं असतं आणि लागलेल्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्या नियमाचा आम्हाला मोठा अभिमान होता. आपण लबाडी करतोय असं कुणाला वाटलं नाही. मला तर आजही ती लबाडी वाटत नाही. चूक निराळीच होती. नंबर फिरत राहणार आणि शेवटच्या माणसापर्यंत येणार, हे आम्ही धरून चाललो होतो.

आमच्यातला सगळ्यात चांगला चढाईपटू माझा मित्र होता. वडील बीडकडून आलेले, बांधकामावर गवंडी. तो अंगानं किरकोळ, पण मध्यरेषा ओलांडून गेला की पलीकडच्या सातांना घाम फुटायचा. तो वळायचा कसा ते मला आजवर कळलेलं नाही. डाव्या कोपऱ्यात मी उभा असायचो. घोटा पकडण्यात माझं बरं नाव होतं, पण रविवारच्या खऱ्या खेळात त्याचा घोटा माझ्या हाती वर्षातून दोनदा लागला असेल.

त्या वर्षी नंबर त्याचा होता. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. निरोप आला आणि त्याच आठवड्यात माझ्या वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं. सामन्याच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्यापाशीच म्हणाला, "उद्या तू कर. माझं पुढच्या टायमाला बघू."

मी म्हणालो, "आरं, तुझा नंबर हाय."

"हाय तर हाय. पळून चाललाय का कुठं? तुझ्या घरचं आधी बघ. बाकीच्यांला मी सांगतो."

मी आणखी एकदा नाही म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला कळला.

दुसऱ्या दिवशी तो पाच वेळा माझ्या अंगावर चढाई करून आला आणि पाचही वेळा मी त्याचा घोटा धरला. इतकं बेमालूम पडणं मी आयुष्यात पाहिलं नाही. चौथ्या वेळी तो तोंडावर आपटला, तेव्हा कंपनीचे साहेब हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "याला खेळायला कुणी बोलावलं?" लोकही हसले. मी मान वर केली तर शाळेच्या भिंतीपाशी त्याचे वडील उभे होते. अंगावर कामाचे कपडे नव्हते, पांढरा सदरा घालून आले होते. पाचव्या चढाईच्या वेळी पाहिलं, तर ती जागा रिकामी होती.

मी कामाला लागलो. पुढच्या वर्षी निरोप आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कंपन्यांनी संघच बंद केले, खेळाडू घेणं थांबलं. त्याचा नंबर आलाच नाही. तो चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागला आणि जन्मभर तिथेच, एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, सहा-सात महिन्यांनी ब्रेक आणि पुन्हा नवा गेटपास. रविवारी मात्र मैदानावर माझ्या आधी हजर असायचा. पन्नाशीनंतर आम्हाला खेळणं जमेना, तरी तो माती चाळायला यायचा. एका शब्दानं त्यानं मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मी परमनंट झालो त्या दिवशी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. त्याला म्हणालो, आता भीती नाही, आबांना खरं काय ते सांग. आबा म्हणजे त्याचे वडील. तो हसला. म्हणाला, "आता सांगितलं तर त्यांला वाटंल, पोरगं सबब सांगतंय." हे खरं होतं. त्यानं सांगून उपयोग नव्हता, मी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून ऐकून आबांनी विश्वास ठेवला असता. पुढच्या रविवारी जाऊ म्हणालो, मग दिवाळीनंतर, मग त्याच्या लग्नानंतर. मी गेलो नाही, कारण आबांच्या नजरेत मी चांगला खेळाडू होतो आणि मला ते आवडत होतं. एवढं साधं आणि एवढं वाईट कारण.

तीन महिन्यांपूर्वी पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघत असताना त्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला.

स्मरणिकेत श्रद्धांजलीचं पान टाकायचं म्हणून त्याची मुलगी फोटो द्यायला माझ्या घरी आली. ती वाकडला एका आयटी कंपनीत नोकरीला आहे, ताथवड्यात फ्लॅट घेऊन आईला आणि आजोबांना तिथं नेलंय. फोटोत तो मैदानावर चाळण घेऊन उभा होता. ती म्हणाली, "काका, खेळतानाचा एकही नाही. पप्पा म्हणायचे, मी आपला बेताचाच गडी, खरे खेळाडू तुमचे काका." मग तिनं विचारलं, "खरंच बेताचेच होते का हो? आजोबा तर खेळाचा विषयच काढू देत नाहीत."

मी म्हणालो, "छे छे, फार चांगला खेळायचा."

ती हसली आणि 'थँक्यू काका' म्हणाली. मेलेल्या माणसाबद्दल कुणी बरं बोललं की आपण म्हणतो तसं. तिला ते खोटं वाटलं होतं.

ती गेल्यावर मी नंबराचा सगळा परिच्छेद एका बैठकीत लिहिला. माझं नाव, त्याचं नाव, पाच पकडी, सगळं. अध्यक्षांनी वाचला आणि फोन केला. "भाऊ, इतिहास लिहायला सांगितला होता, पंचनामा नाही. आपले कितीतरी जण असेच लागलेत राव. कुणाकुणाची अब्रू काढणार?" त्यांचंही चुकीचं म्हणता येत नाही. तेही तसेच लागले होते. परिच्छेद गाळला गेला. श्रद्धांजलीच्या पानावर 'मैदानाचे निष्ठावंत सेवक' असं छापून आलं. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू, आणि सेवक! मी ते पान बघून रडलो.

अंक घेऊन मी ताथवड्याला गेलो. बाराव्या मजल्यावर आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पंच्याऐंशी पार केलेली, पण कान शाबूत. मुलगी शेजारी उभी होती. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. नंबर कसा लावायचो, त्या वर्षी तो कुणाचा होता, उंबऱ्यापाशी तो काय बोलला, आणि त्या दिवशी तो पाचही वेळा मुद्दाम कसा पडला. मुलीनं मध्येच तोंडावर हात ठेवला. मला वाटलं होतं, आबा चिडतील, मला शिव्या देतील. मी त्या तयारीनं गेलो होतो. खरं सांगायचं तर शिव्या मिळाल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

आबा म्हणाले, "तवा मला कामून नाही सांगितलं?"

"घरी बोलायचं नाही, असं ठरलं होतं आबा."

"आन् नंतर?"

मी आणलेला अंक पिशवीत परत घातला.

"त्या दिवशी घरला आला तर म्या त्याला जेव म्हणलं नाही," आबा म्हणाले. "लोक हसले म्हणून. पुन्हा खेळाचं नाव काढू दिलं नाही घरात. त्यानं बी कधी काढलं नाही."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तेवढा हक्कही मला वाटेना. इतकी वर्षं तो एकटा सोसत होता. आता ते मी या म्हाताऱ्याच्या डोक्यावर टाकलं होतं आणि ज्याची माफी मागायची तो माणूस उरला नव्हता. मुलगी आबांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "आजोबा, पप्पा चांगले खेळायचे. काका खरं सांगतायत."

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"रोज कामावर जायचो रं. रविवारी बी जायचो," ते म्हणाले. "त्या दिवशी खाडा केला, धुतलेला सदरा घातला आन् आलो. सबंध जन्मात त्याचा एकच खेळ बघितला म्या. आन् त्योच खोटा व्हता म्हणतोस."