मुद्दाम चुकवलेला छर्रा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हवेच्या बंदुका दुरुस्त करतात. माझं किल्ल्या बनवायचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, मध्ये फक्त एक पत्रा. त्यामुळे त्यांच्याकडचा प्रत्येक बार आणि ताईचा प्रत्येक टोमणा मला फुकटात ऐकायला मिळतो. दुकानामागे दहा मीटरचा बोळ आहे. त्याच्या टोकाला कागद लावून बंदूक तपासायची.

दाजींचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावतं. पहिलं वाक्य, बंदूक चुकली तरी चालेल, पण दर वेळी एकाच जागी चुकली पाहिजे. एकाच जागी चुकणारीला नेमाचा स्क्रू फिरवून ताळ्यावर आणता येतं. कधी मध्यावर आणि कधी भिंतीवर मारणारीचं काय करायचं? कुणी मधोमध पडलेलं एखादं भोक दाखवत नाचत आला, की दाजी म्हणणार, "कावळा बसायला अन् फांदी मोडायला. अजून चार मारा, मग बोलू." पाच छर्र्यांची भोकं शर्टाच्या एका बटणाखाली झाकली गेली, की बंदूक पास.

दुसरं वाक्य, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंगही बदलली, स्क्रूही आवळले आणि सुधारली, तर शाबासकी कुणाला द्यायची? स्प्रिंगला की स्क्रूला? या हट्टापायी ते एका बंदुकीला तीन-तीन दिवस लावतात. ताई तोवर समोर बसून छर्रे निवडते. वाकडा, चेपलेला, कड दुमडलेला छर्रा बाजूला. "नेमबाजीचा क्लब पोरी निवडतो, मी छर्रे निवडते. माझं काम अवघड," असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही.

गेले काही महिने ताई दाजींना अर्धाच कप चहा देत होती. मी एकदा विचारणार होतो, पण दाजींनी कप उचलला आणि मला उत्तर मिळालं. अर्ध्या कपातूनसुद्धा चहा हिंदकळून काठापर्यंत येत होता. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी किल्ल्यांकडे पाहिलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं बहीणभाऊ या बाबतीत मुके झालो. दाजी स्वतः म्हणायचे, वयाचं आहे, जातंय-येतंय.

आमच्या चौकातल्या बेकरीवाल्याची मुलगी क्लबात नेम मारते. रविवारी तिची निवडचाचणी होती. निवडीआधी बंदूक दाजींकडून तपासून न्यायची, हा क्लबाचा नियम. मंगळवारी तिनं बंदूक आणून दिली. "तशी बरी लागतेय, काका," एवढंच म्हणाली.

दाजींनी पाच छर्रे मारले. भोकं बटणाखाली तर सोडाच, ताईच्या चहाच्या कपाखालीही झाकली जाईनात. दाजी कामाला लागले. दस्त्याचे स्क्रू पाहिले, घट्ट होते. नळी पुसली. बुधवारी आतला वॉशर बदलला. गुरुवारी स्प्रिंग बदलली. दर बदलानंतर पाच छर्रे, आणि दर वेळी कागदावर पोरांनी खडे मारल्यासारखी भोकं. शुक्रवारी सकाळी त्यांनी मुलीला बोलावलं.

"या बंदुकीचा भरवसा नाही. हिला घेऊन गेलीस तर तोंडघशी पडशील. क्लबात जाऊन नाव काढून घे. पाचपर्यंत मुदत आहे."

मुलीनं एकदा बंदुकीकडे पाहिलं, एकदा दाजींकडे. "बरं, काका," म्हणाली आणि गेली. वर्षभर पहाटे उठून सराव केलेली मुलगी, एक शब्द उलट बोलली नाही. मला पत्र्याअलीकडे बसवेना.

दुपारी दाजींनी हाक मारली. बंदूक टेबलावर होती, वाळूची पिशवी जागेवर होती. ताई छर्र्यांचं ताट मांडीवर घेऊन बसली होती, पण तिचे हात थांबले होते.

"स्प्रिंग झाली, वॉशर झाला, नळी झाली, छर्रे दोन डब्यांतले झाले," दाजी म्हणाले. "एकच गोष्ट बदलायची राहिली. बस तू."

बंदुकीला नेम धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. हात पिशवीवर, बंदूक तळहातावर. स्प्रिंगची बंदूक सुटताना अंग झाडते, हात जसा धरेल तसा छर्रा जातो. मी चांगला मारला, तर दाजींचा हात गेला. वाईट मारला, तर पोरीची निवड गेली. इकडे आड, तिकडे विहीर. मी ताईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

मी चाप ओढता ओढता खांदा जरासा झुकवला. छर्रा कागदाच्या कोपऱ्यात गेला.

"पुन्हा मार," दाजी म्हणाले. "बायको अर्धा कप देते, मेव्हणा छर्रा चुकवतो. मला काय दिसत नाही? त्या पोरीचं वर्ष आहे ते. नीट मार."

मी नीट मारले. पाच. दाजी स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आले. खिशातलं बटण काढून भोकांवर ठेवलं, ते दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा ताईनं ठेवलं. एकही भोक बाहेर दिसत नव्हतं.

"चांगली बंदूक आहे," दाजी म्हणाले. "चार दिवस उगाच छळलं बिचारीला." मग त्यांना रडू फुटलं. तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची माझी ताकद नाही. ताईनं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

चार वाजता आम्ही बेकरीत गेलो. गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, थोडं थांबू, गर्दी कमी होऊ दे. दाजी ऐकतात होय!

"बंदूक ठणठणीत आहे," त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. "बिघाड माझ्या हातात होता. नाव काढलंस का?"

"आता निघतच होते." मुलगी पावाची पिशवी बांधता बांधता थांबली. "मला माहीत होतं, काका. सोमवारी माझ्या हातून पाचही छर्रे एका भोकात गेले होते."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुमचा हात कापतोय हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?" तिचे डोळे भरून आले. "निवड काय, पुढच्या वर्षीही असते. तुम्ही दुकान बंद केलं असतं."

"अगं वेडे," दाजी म्हणाले, "मला सांभाळायला घरात दोन माणसं होती, म्हणून तर ही पाळी आली. त्यात तू तिसरी नको होऊस."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. दाजींनी खिशातला हात बाहेर काढला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवला. तो कापत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"हा बघ," ते म्हणाले. "आता बघितलास ना? चल दुकानात, बंदूक तिथंच आहे, आणि पाच छर्रे माझ्यासमोर तू मार."