देव्हाऱ्यामागचा खांब

समईची ज्योत अगदी स्थिर होती. मी देवांना हात जोडले आणि पुढच्या भिंतीकडे वळले. चूक तिथेच झाली.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, आता रिटायर्ड, राहते खोपटला. घर विकत घेण्याआधी लोक मला ते तपासायला नेतात. लाकडी हातोडी आणि पर्समध्ये एक लोहचुंबक, एवढंच माझं सामान. भिंतीवर हलकं टकटक करायचं आणि ऐकायचं. विटेचा आवाज वेगळा, काँक्रीटचा वेगळा. प्लास्टर सुटलं असेल तर पोकळ वाजतं. ऐकता ऐकता मी हरवते, हेही कबूल करते. या खिडकीत कोण चहा पीत बसत असेल, या कोपऱ्यात कुणाचं बाळ रांगलं असेल, असलं काहीबाही मनात सुरू होतं. माझे बॉस विचारायचे, "बाई, साइटवर आहात की स्वप्नात?"

हा फ्लॅट डोंबिवलीचा. पहिला मजला, वर तीन मजले, खाली पार्किंग. विकणारे लिमयेकाका अठ्ठ्याहत्तरचे, एकटे. मुलीकडे राहायला निघालेले. घेणारी रूपाली गावडे, हॉस्पिटलमध्ये नर्स, आणि तिची आई. दोघी विठ्ठलवाडीला भाड्याने राहत. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की नवी खोली, आणि दर वेळी देव बिस्किटांच्या खोक्यात.

म्हणून आईंना त्या घरात एकच गोष्ट दिसत होती: हॉलच्या भिंतीत कोरलेला देव्हारा. पांढरा संगमरवर, वर छोटीशी कमान. दुपारचं ऊन खिडकीबाहेरच्या बकुळीतून झिरपत आत येत होतं आणि कमानीवर हलत होतं. उदबत्तीचा धूर त्या उन्हात सावकाश वर चढत होता. मीही बघत राहिले.

"आमच्या गावच्या घरात असोच कोनाडो होतो, ताई," आई म्हणाल्या. "आता देवांका खोको नको."

बाथरूम पाहिलं, किचन पाहिलं. कुठे ओल नाही, तडा नाही.

"मॅडम, पास?" रूपालीने विचारलं.

"पास," मी म्हटलं. देव्हाऱ्याची भिंत तेवढी ठोकली नव्हती. देवांसमोर हातोडी कोण काढणार!

खाली पार्किंगमध्ये रिक्षाची वाट बघत उभी होते. रिकामा वेळ मिळाला की मी खांब मोजते. मधल्या ओळीत एक रुंद खांब होता. खालचा खांब वरच्या मजल्यांतून थेट गच्चीपर्यंत जातो. मी वरचा हॉल डोळ्यांसमोर आणला. खांबाच्या त्या जागी देव बसले होते.

पुन्हा जिना चढले. तिघं अजून हॉलमध्येच होते. "काका, देव थोडा वेळ बाजूला घेता येतील?"

त्यांनी हात-पाय धुतले, अक्षता वाहिल्या आणि एकेक मूर्ती ताम्हनात ठेवली. मी हातोडी मारली. कमानीच्या दोन्ही बाजूंना भरीव काँक्रीट वाजलं. मग आतल्या संगमरवराला लोहचुंबक लावलं. संगमरवराला ते चिकटत नाही. इथे चिकटलं. वर सरकवलं, तिथेही चिकटलं. मागे सरळ उभी सळई होती, आणि मध्ये काँक्रीट जवळजवळ नव्हतंच.

"हे कधी केलंत?"

"बावीस वर्षं झाली. हिला भिंतीतला देव्हारा हवा होता. मिस्त्री म्हणाला, भिंत फार कडक आहे, दोन दिवस जास्त लागतील."

कडक असणारच. नऊ इंची भिंतीत नऊ इंची खांब लपतो. वरून प्लास्टर झालं की दोन्ही सारखेच दिसतात. मिस्त्रीने अर्धा खांब कोरून काढला होता.

वरचे तीन मजले या अर्ध्या खांबावर उभे आहेत, हे मी समजावून सांगितलं. काका खुर्चीत बसले. वर दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात पंचपात्री पडल्यासारखा आवाज झाला आणि आम्ही चौघांनीही छताकडे पाहिलं.

"मी रोज इथेच उभा राहून म्हणायचो," ते हळूच म्हणाले, "सगळ्यांना सुखी ठेव."

पाच मिनिटांपूर्वी मी "पास" म्हणून गेले होते, त्याची लाज वाटत होती.

"आई, दुसरं घर बघूया का?" रूपालीने विचारलं. आई रडत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ताईंका विचार, खांब बरो होतलो काय?"

होणार होता. सोसायटीने त्याच दिवशी लोखंडी टेकू लावले. पुढे जॅकेटिंग झालं, म्हणजे खांबाभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं वेष्टण. खर्च काकांनी केला. काम लांबलं, मायलेकींचं ॲग्रीमेंट संपलं, आणि देव आणखी एकदा खोक्यात गेले.

गेल्या महिन्यात मायलेकींच्या या नव्या घरी जेवायला गेले होते. खांब आता हॉलमध्ये वीतभर पुढे आलाय. त्याच्यासमोर टेबलावर लाकडी देव्हारा, खांबाला खिळासुद्धा नाही. बकुळीचं ऊन आता त्या खडबडीत काँक्रीटवर हलतं. कमान गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. आईंना नाही. त्यांनी हसत मला पानावर बसवलं.

तेव्हापासून मी क्रम बदललाय. घरात सगळ्यांना जे सर्वात आवडतं, तिथून तपासणी सुरू करते. आधी हातोडी, मग नमस्कार.